वन्संचा हेडसेट आणि आप्पांची चाकं

कढीपत्ता न्या की वहिनी, त्यात विचारायचं काय! पण तोडता तोडता ऐका, कारण आमच्याकडे सध्या जे चाललंय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

धाकटीला नोकरी लागली हे तुम्हाला पेढ्यांबरोबर कळलंच. एअरबस ए-३२० वर फर्स्ट ऑफिसर. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे ही. गोंदियाजवळ बिरसीला २०० तास उडवून लायसन्स मिळवलं, मग या विमानाचं वेगळं प्रशिक्षण झालं, आणि या सगळ्यापायी काढलेल्या कर्जाचा आकडा हे रोज सकाळी डायरीत बघतात. तो काही कमी होत नाही, पण बघतात. पेढे संपले आणि सल्ले सुरू झाले. विमान उडवणं सोडून बाकी सगळं आमच्या नातेवाइकांना येतं. बॅग कुठली घ्यायची आणि कानाला काय लावायचं, यावरून तर घरात दोन तट पडलेत.

पहिला फोन पुण्याहून भावजींचा. लालभडक बॅग, कडक पाठीची, चार चाकांची, माझ्याकडून भेट. विमानतळावर पोरीनं एका बोटानं ढकलत चाललं पाहिजे, लोकांनी वळून बघितलं पाहिजे! धाकटी म्हणाली, "काका, एका बोटानं ढकलली की जाते, तशी न ढकलताही जाते." विमानापर्यंत नेणाऱ्या बसमध्ये ड्रायव्हरनं ब्रेक मारला की चार चाकांची बॅग थेट कॅप्टनच्या नडगीवर. जरा उतार लागला की बॅग पुढे आणि हातात कॉफी घेऊन फर्स्ट ऑफिसर मागे. दोन चाकांची उभी केली की उभी राहते. म्हणून बरेच पायलट अजून दोन चाकांचीच ओढतात. भावजी फुगलेत. फुगू देत.

मग आले आपले कोपऱ्यावरचे आप्पा. सगळी हयात सातपूरला व्हीआयपीच्या कारखान्यात गेलेली, त्यामुळे बॅग म्हटलं की त्यांना बोलावणं लागत नाही. चहाचा कप हातात घेतला आणि इतिहासच सांगायला बसले. बॅगेला चाकं लावायचं पेटंट अमेरिकेत बर्नार्ड सॅडो नावाच्या माणसाला १९७२ साली मिळालं. पण ती बॅग आडवी, चार चाकांवर, पट्ट्यानं ओढायची, आणि वळणावर कलंडायची. उभी, दोन चाकांची, आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्याची बॅग केली १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ यांनी, आणि हे गृहस्थ होते नॉर्थवेस्ट एअरलाइन्समध्ये ७४७ चालवणारे पायलट! आधी बरोबरच्या पायलटांना आणि हवाईसुंदऱ्यांना विकल्या. विमानतळावर प्रवाशांनी त्या बघितल्या, तेव्हा त्यांनाही हव्याशा झाल्या. त्यातून पुढे ट्रॅव्हलप्रो ही कंपनी निघाली. म्हणजे वहिनी, तुम्ही-आम्ही तिरुपतीला नेतो ती ट्रॉली मुळात पायलटची. मला तर हे ऐकून भारी वाटलं.

आप्पा एवढ्यावर थांबले असते तर ते आप्पा कसले! धाकटीला घेऊन मेन रोडच्या दुकानात गेले. मीही गेले, गंमत बघायला. पोरगा रंग दाखवतोय, आतले कप्पे दाखवतोय, आणि आप्पांनी काय करावं? बैल घेताना दात बघावेत तशी प्रत्येक बॅग उलटी करून तिची चाकं बघितली. चाक स्क्रूनं बसवलंय की रिबीट मारलंय? स्क्रू असला तर चाक झिजल्यावर घरी बदलता येतं, रिबीट असली तर कारागिराला ती ड्रिलनं फोडावी लागते. चाकात बेअरिंग आहे का? दांडा पूर्ण बाहेर काढल्यावर किती लचकतो? तुमची-माझी बॅग वर्षातून दोनदा माळ्यावरून खाली येते, पायलटची जवळजवळ रोज चालते, म्हणून ती आधी चाकात आणि दांड्यात मरते. कापड जाडजूड नायलॉनचं असलं म्हणजे झालं. कडक बॅगेला सहसा बाहेरून कप्पा नसतो, आणि हिला गेटवर उभ्याउभ्या ओळखपत्र काढावं लागतं. आणखी एक हुक बघितला त्यांनी, बॅगेच्या पुढच्या अंगाला. त्यावर लहान बॅग अडकवायची, म्हणजे एक हात मोकळा. दुकानातल्या पोरानं असलं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. पाणी दिलं बिचाऱ्यानं.

लहान बॅग म्हणजे कॉकपिटमध्ये जवळ ठेवायची ती. पूर्वी म्हणे ती चामड्याची पेटीच असायची, नकाशे आणि जाडजाड पुस्तकांनी भरलेली. अमेरिकन एअरलाइन्सनं २०१३ मध्ये वैमानिकांच्या त्या पेट्या काढून हातात आयपॅड दिले, तेव्हा एकेक पेटी १६ किलोंच्या आसपास भरत होती. आता हिच्या बॅगेत काय, तर टॅब, लायसन्स, मेडिकलचा कागद, विमानाला खालून फेरी मारून बघायला टॉर्च, चमकणारं जॅकेट, आणि चष्मा आहे म्हणून एक जादा चष्मा. तो जवळ ठेवणं तर सक्तीचंच आहे. उरलेल्या जागेत कारळ्याच्या चटणीची बाटली बसते हे मी मोजून ठेवलंय. हिला अजून सांगितलेलं नाही.

आता खरी गोष्ट. जरा इकडे सरका, वन्सं आत झोपल्यात.

वन्सं न्यू जर्सीहून आल्या, कुणाला न विचारता, न सांगता भाचीसाठी बोसचा हेडसेट घेऊन. सरप्राइज! तिकडे १,३०० डॉलरच्या घरात किंमत, म्हणजे आपले लाखाच्या वर. खोका उघडायच्या आधी त्यांनी बोसबाबूंचं चरित्र सांगितलं. अमर बोस, वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक, अमेरिकेत गेलेले. १९७८ मध्ये हे बोस झुरिकहून बोस्टनला विमानानं निघाले होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमध्ये इंजिनांच्या घरघरीत काही धड ऐकू येईना, तर तिथेच बसून गणित मांडायला लागले. कानावरच्या वाटीत एक छोटा माइक, तो बाहेरून आलेली घरघर टिपतो आणि तिच्या बरोबर उलटी लाट कानात सोडतो, की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. १९८९ मध्ये विमानासाठीचा हेडसेट बाजारात आला. मला हे सगळं मनापासून आवडलं हो, खोटं का बोलू?

खोका उघडला. धाकटीनं वायरचं टोक हातात घेतलं आणि गप्प. दोन पिना! एक जाड, एक बारीक. ती शिकताना जे छोटं सेसना उडवायची, त्याला अशा दोन पिना लागतात. हिच्या एअरबसला लागतो एकच गोल प्लग, आत पाच पिनांचा, आणि त्यातूनच हेडसेटला वीजही मिळते. वन्संनी लाखाची वस्तू आणली, पण टोक दुसऱ्या विमानाचं! मधे जोडायला अडॅप्टर मिळतो, पण मग वीज काही त्यातून येत नाही, पेन्सिल सेल घालत बसा. शिवाय जोड म्हटला की तो कधीतरी सैल होणार, आणि तोही नेमका उतरताना.

वन्सं म्हणाल्या, "मग हिचा शिकतानाचा जुना होताच की, तोच वापरा." त्याचीही पिन तीच. आणि तो हिरवा, जड, डोक्याला शिकंजा. सेसनात इंजिन आणि पंखा अगदी नाकासमोर, तिथे तसाच लागतो. एअरबसची इंजिनं पंखांखाली, पार मागे. कॉकपिटमध्ये असतो तो मुख्यतः वाऱ्याचा आवाज. दिवसात चार-चार फेऱ्या असल्या की त्या जड वाट्या चष्म्याच्या काड्या कानामागे रुतवतात. काडीमुळे वाटी नीट बसत नाही आणि फटीतून आवाज आत येतो तो वेगळाच. वन्संनी आणलेला ४०० ग्रॅमचा, तर बोसचाच खास मोठ्या विमानांसाठी केलेला, कानात बसणारा, १३० ग्रॅमही भरत नाही. चष्मेवाल्यांना तो बरा. पण कानात काही कोंबलेलं सगळ्यांना सोसत नाही, ते ज्यानं त्यानं लावूनच बघायचं.

हे म्हणाले, विकत घ्यायचाच कशाला? विमानात कंपनीचा हेडसेट असतोच. असतो हो! पण सकाळपासून कुणाकुणाच्या कानांचा घाम त्या स्पंजानं प्यालाय देव जाणे. म्हणून बरेच जण पुढेमागे स्वतःचा घेतात. आणि गाणी ऐकायचा हेडफोन तिथे चालत नाही बरं का, विमानासाठी मान्यता मिळालेलाच लागतो.

माझं विचाराल तर बॅगेवर कमी आणि कानावर जास्त खर्च करावा. बॅग बिघडली तर दुसरी आणता येते. कान या लोकांचे मेडिकलला मशिनवर तपासतात, आणि तिथे कमी ऐकू येतंय असं निघालं तर पोटावरच पाय. पण तोही खर्च आत्ता नको. पहिले काही महिने कंपनीचा वापरायचा, कॅप्टन लोकांचे मागून लावून बघायचे, पगार हातात आला की मग घ्यायचा. बॅगेचंही तेच, आप्पांनी पसंत केलेली दुकानातच आहे. काही कंपन्या गणवेशाबरोबर बॅग देतात, काही रंग ठरवून देतात. हिच्या कंपनीचं पत्र यायचंय. वन्संचा हेडसेट त्यांच्याबरोबर परत न्यू जर्सीला जाणार, बदलून मिळाला तर मिळाला.

तुमचा भाचा बारामतीला विमान उडवायला शिकतोय ना? त्याला आजच फोन करा. म्हणावं, नोकरीचं पत्र येऊन विमान कुठलं ते कळेपर्यंत हेडसेटवर एक रुपया घालू नकोस. आणि अमेरिकेतल्या आत्याला तर आधी कळवून ठेव.