आमटीत पडलेल्या पालीस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती पालबाई,
मंडपाच्या पत्र्याखालचा तिसरा वासा,
मु. पो. प्रकाशा, ता. शहादा, जि. नंदुरबार

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचे जाहीर आभार मानायचे फार दिवस राहून गेले आहेत. भंडारा असो, लग्न असो की उत्तरकार्याचं जेवण. संध्याकाळी चार माणसं पोट धरून बसली, की सलाईनची पहिली बाटली टांगायच्या आत कारण सापडलेलं असतं. "पाल पडनी व्हई, दुसरं काय!" तुम्हाला पडताना आचाऱ्याने पाहिलेलं नसतं, वाढप्याने पाहिलेलं नसतं. पाहिलेलं असतं ते ज्याला उलट्या झाल्या त्याच्या मेहुण्याच्या ओळखीतल्या कुणीतरी, आणि त्यालाही शेपटीच दिसलेली असते. बाकीचं अंग तुम्ही कुठे नेता, हे आजवर एकाही पंचनाम्यात आलेलं नाही.

शंकेची पाल मनात चुकचुकते म्हणतात. आमच्याकडे ती थेट आमटीत उडी मारते, आणि त्यानंतर कुणाच्या मनात कसलीच शंका उरत नाही. पंचांगात पल्लीपतनाचं अख्खं कोष्टक असतं: डोक्यावर पडलात तर काय, उजव्या खांद्यावर पडलात तर काय, सगळी फळं छापलेली. वरणाच्या टोपात पडलात तर काय, तेवढं मात्र त्यात नाही. ती उणीव गाव भरून काढतं.

आणि गाव तरी कसलं, जेवणावळींचंच. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर. शंभर वेळा काशी आणि एक वेळ प्रकाशी, असं म्हणत लोक पिंडदानाला येतात, श्रावणी सोमवारी येतात, महाशिवरात्रीला तर घाटावर पाय ठेवायला जागा नसते. गुरू सिंह राशीत आला की गौतमेश्वराची बारा वर्षांची पर्वणी वेगळीच. देव तिथे गर्दी, गर्दी तिथे वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, आणि कढई तिथे, बरोबर तिच्या वरच्या वाशाला, तुम्ही.

तुम्हाला चारित्र्याचा निखळ दाखला देता येणार नाही, हे आधी सांगून टाकतो. तुम्ही विषारी नाही. आपल्या घरातली पाल बिनविषारी असते. पण तुमच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात, तेव्हा कापलेल्या काकडीवरून फिरणं टाळलंत तर बरं. मात्र उकळत्या वरणात पडलेली पाल स्वतः शिजते आणि तिच्या अंगावरचे साल्मोनेलाही तिच्यासोबत शिजतात. किळस येते, हे खरं. पण किळस वेगळी आणि चारशे माणसांचे जुलाब वेगळे.

खरा आरोपी तुमच्या बरोबर खाली, ताडपत्रीवर पसरलेला असतो. पहाटे चारला भट्टी पेटते. सातच्या सुमारास भात उतरतो. मग वरात, मग नाच, मग आमदारांची वाट, मग आमदार न आल्याने त्यांच्या प्रतिनिधीची वाट, मग सत्कार. पहिली पंगत दोनला बसते. शेवटची, म्हणजे वाढप्यांची आणि घरच्या बायकांची, चार वाजता. मे महिन्यात आपल्याकडे मंडपाच्या सावलीतही पारा चाळिशीपार असतो. पाच ते साठ अंश सेल्सियस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा मानतात. त्यात आमचा उन्हाळा तर बसतोच, हिवाळाही बसतो. मनासारखी ऊब मिळाली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. या हिशेबाने सात तासांत एकाचे वीस लाख. भातात बॅसिलस सिरियस असतो. त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की जागे होतात, आणि उलट्या करवणारं जे विष ते सोडतात ते पुन्हा गरम केलं तरी टिकतं. म्हणून "चांगलं उकळून वाढलं होतं" हे आचाऱ्याचं म्हणणं खरंही असतं आणि निरुपयोगीही. बासुंदीत स्टॅफिलोकॉकस उतरतो तो माणसाच्या नाकातून, बोटावरच्या पिकलेल्या फोडातून. मोठ्या टोपातलं वरण किंवा मटण हळूहळू निवत गेलं की क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचं साधतं. यातलं कुणी वाशावरून पडत नाही.

शिवाय यांच्या वेळा ठरलेल्या. जेवल्यावर तास-दोन तासांत ते पाच-सहा तासांत भडाभडा उलट्या झाल्या तर संशय एकाकडे. मध्यरात्री कळा येऊन जुलाब, उलटी नाही, तर दुसऱ्याकडे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तापासकट आलं तर तिसऱ्याकडे. म्हणजे "काय पडलं?" याच्या आधी विचारायला हवं ते "किती वाजता जेवलात आणि किती वाजता सुरू झालं?" त्याहून अडचणीचा प्रश्न पुढचा: ज्यांना काहीच झालं नाही, त्यांनी काय खाल्लं नव्हतं? काही न झालेल्या माणसाकडे आपल्याकडे कुणी जात नाही. तो नशीबवान ठरतो आणि घरी जाऊन झोपतो. सगळ्यात मोठा साक्षीदार तोच असतो.

पण हे विचारायला लागलं तर किती जणांची पंचाईत होईल, पाहा. पाल पडली म्हटलं की आचारी सुटतो, त्याने काही मुद्दाम पाडली नाही. मंडळ सुटतं. मांडवाचा ठेकेदार सुटतो. टँकर कुठून भरला हे विचारावं लागत नाही, मठ्ठ्यातला बर्फ कोणत्या कारखान्याचा होता हेही नाही. पंचनामा करणाऱ्याला चौथी ओळ लिहावी लागत नाही. आणि जेवणारेही सुटतात, कारण सात तासांचा भात आपण हाताने कालवून खाल्ला हे कबूल करण्यापेक्षा पाल पोटात गेली हे सांगणं जास्त रंगतदार. एवढ्या माणसांना एका वेळी निर्दोष सोडणारं न्यायालय जिल्ह्यात दुसरं नाही.

तुमची बरोबरी करू शकेल अशी एकच गोष्ट महाराष्ट्रात आहे, ती म्हणजे भगर. तिच्यावरच्या आरोपात निदान दम आहे: दमट जागी साठवलेल्या भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते, फ्युमिगाक्लेविनसारखी विषं तयार होतात, आणि अन्न व औषध प्रशासन उपवासाचे दिवस जवळ आले की सुटं भगरीचं पीठ घेऊ नका म्हणून बजावत असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्यात, लोणार तालुक्यात, सप्ताहातला एकादशीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. प्रसाद होता भगर आणि आमटी. दवाखान्यात खाटा पुरल्या नाहीत. उघड्यावर माणसं निजवून, झाडांना दोरी बांधून तिला सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. ते फोटो देशभर गेले. भगर, आमटी, पाणी, भांडी, हात, वेळ, एवढे सगळे एका पंगतीला हजर असताना कुणी एकच नाव घेऊन मोकळं होत असेल तर त्याच्या आत्मविश्वासाला दंडवत.

हा सगळा आमचा खेडवळपणा, असं समजून खजील होऊ नका. साहेबाच्या मुलुखातही पाली पडतात. जर्मनीत २०११ साली पाल काकडीच्या रूपात पडली. त्या मे महिन्यात तिथे ई. कोलायच्या एका जहाल वाणाची साथ आली. सुमारे ३,८०० माणसं आजारी पडली, पन्नासहून जास्त दगावली, अनेकांची मूत्रपिंडं निकामी झाली. २६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्याने स्पेनच्या काकडीकडे बोट दाखवलं. पाचच दिवसांत कळलं की काकडीवरचा जिवाणू वेगळ्या वाणाचा आहे. तोवर स्पेनचा शेतकरी झोपला होता, आणि पुढे रशियाने तर अख्ख्या युरोपची भाजी बंद केली. कांद्याचा भाव पडताना पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

खरा माग लागला तो वेगळ्याच वाटेने. आजारी माणसांना काय खाल्लं विचारलं तर ती टोमॅटो, काकडी, पालेभाजी सांगत; ताटावर भुरभुरलेले मोड कुणाच्या लक्षातच नव्हते. मग तपास करणाऱ्यांनी एका हॉटेलात जेवून गेलेल्या गटांची बिलं काढली, त्यांनी ताटांचे काढलेले फोटो पाहिले, आणि थेट आचाऱ्याला विचारलं की बाबा, कोणत्या पदार्थात काय घालतोस? मोड घातलेलं ज्यांनी खाल्लं तेच आजारी. १० जूनला मोडांवर शिक्कामोर्तब झालं. मोड कशाचे, तर जुलैत माग जाऊन पोचला इजिप्तहून आलेल्या मेथीच्या दाण्यांपर्यंत. मेथी, पालबाई! आणि गंमत म्हणजे त्या दाण्यांवर तो जिवाणू शेवटपर्यंत सापडलाच नाही. कोणतं पोतं कुठून कुठे गेलं, याच्या कागदांनीच चोर पकडला.

आपल्याकडे तर पंगतीचं व्हिडिओ शूटिंग असतं, ड्रोनसकट. नवरदेवाच्या मामाने बासुंदीच्या किती वाट्या रिचवल्या, हे पुराव्यानिशी उपलब्ध आहे. मागत कुणी नाही.

पुण्याचंही ऐका. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली ताकद जाणारा आजार. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, जो दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून पोटात जातो. झालं. मोबाइलवर रोज नवा गुन्हेगार: कोंबडी, पनीर, भात, विहीर, टँकर. पोट बिघडल्यानंतर हातपाय लुळे पडायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, आणि आपल्याला परवाच्या जेवणातली भाजी आठवत नाही. तरीही खात्री प्रत्येकाला. शिकलेल्या शहरात तुमची जागा पनीरने घेतली, एवढाच काय तो फरक.

आपल्या जिल्ह्याने तर हे फार आधी भोगलंय. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला नोंदला गेला. तो विषाणू, जिवाणू नव्हे, आणि नीट शिजवलेल्या कोंबडीतून तो होत नाही. पण नंदुरबारची अंडी म्हटलं की त्या दिवसांत लोक हात मागे घेत.

आता तुमच्या खऱ्या उपकाराकडे येतो, आणि इथे थट्टा जरा बाजूला ठेवतो. तुम्ही नसलात की लोक पातेल्यात माणूस शोधतात. "कुणीतरी काहीतरी टाकलं." मग सरपंचकीला पडलेला उमेदवार आठवतो, मंडळातून काढलेला कार्यकर्ता आठवतो, बाहेरगावचा आचारी आठवतो, आणि भांडी घासायला आलेली, वरच्या पाड्यावरची बाई तर सगळ्यात आधी आठवते. तिने दिवसभर पंगतीची ताटं घासलेली असतात आणि उरलेला, सगळ्यात शिळा भात तिच्याच फडक्यात बांधून दिलेला असतो. तिच्या घरी कोण आजारी पडलं, हे यादीत येत नाही. अशा वेळी कुणी म्हातारा "अरे, पाल पडनी व्हई" म्हणाला, की मी मनातून तुम्हाला हात जोडतो. खोटं आहे, पण कुणाचं डोकं फुटत नाही.

तरीही एक प्रश्न राहतोच. आपल्याच गावात १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बा. कृ. थापर यांनी उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातली, तीन हजार वर्षांहून जुनी खापरं निघाली. त्या वेळच्या माणसांचं भांडं अजून तपासता येतं. आणि कालच्या भंडाऱ्याचा भात आज सकाळी अकराला तपासायला मिळत नाही. टोप घासून पालथे, उरलेलं अन्न नदीकाठी गुरांना, पत्रावळी पेटवलेल्या, आचारी दुसऱ्या गावच्या लग्नाला. अन्न सुरक्षा अधिकारी येतात तेव्हा त्यांना नमुना म्हणून मिळतो तो न वापरलेल्या तांदळाचा. विश्लेषकाला अहवालासाठी कायद्याने चौदा दिवस दिलेत. गावाचा अहवाल चौदा मिनिटांत आलेला असतो, आणि त्यात तुमची सही असते.

कळावे, लोभ असावा. दिव्याभोवतीचे किडे खात राहा.

आपला,
संगमावरचा एक वाढपी

ता. क. – परवा एका मंडळाच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं, की प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, वेळ लिहून, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावी, आणि कोणत्या पंगतीला कोण जेवलं याची वही ठेवावी. सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. वही अहेराचीच पुरेल, असं ठरलं. वाटी कुणाच्या फ्रिजमध्ये ठेवायची, यावर मात्र रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला. काही झालं तर आपल्या घरातून पुरावा निघायला नको, असं प्रत्येकाचं म्हणणं पडलं. पुढची बैठक पौर्णिमेनंतर आहे.