रिबनवर बघा, बाबा

रिबन म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नाही, अशी माझी 2009 सालापर्यंत समजूत होती. अर्धा इंच रुंदीची कापडी पट्टी, वरची कड काळी, खालची लाल, दोन चकत्यांवर गुंडाळलेली. टाइपरायटरवर ती चढवताना दहाही बोटं काळी व्हायची. ती बोटं मी घरातल्या किती टॉवेलांना पुसली, याचा आकडा आमच्या सौ.ना आजही तोंडपाठ आहे.

तर त्या वर्षी दिवाळीला बेंगळूरहून मुलगा आला तो लॅपटॉप घेऊनच. माझ्या जुन्या मशीनवर वर्ड 2003 होतं, यात वर्ड 2007. "फार काही फरक नाही बाबा," तो म्हणाला, "वरचे मेनू गेलेत, त्याऐवजी रिबन आलीय." मला भरूनच आलं. उशिरा का होईना, या लोकांना टाइपरायटरची आठवण झाली म्हणायची. भाऊबीज उरकून मुलगा रात्रीच्या बसने परत गेला आणि मी चष्मा पुसून रिबन शोधायला बसलो.

आता थोडी आत्मस्तुती करून घेतो, कारण पुढे तिला वाव नाही. माझा जन्म बेळगावच्या कॅम्पातला. पहाटे मराठा रेजिमेंटचा बिगुल ऐकत वाढलेल्या आम्हा पोरांपुढे तेव्हा दोन रस्ते होते. छाती भरली तर फौज, नाही भरली तर टायपिंग क्लास. माझी दोन बोटांनी कमी पडली. क्लासच्या सरांनी गोदरेजच्या मशीनवर बटणं झाकायला पुठ्ठ्याचं छप्पर केलं होतं, आणि मान खाली गेली की मानेवर फूटपट्टी यायची. नजर उताऱ्यावर, बोटं आपापल्या घरी. मराठी चाळीसची परीक्षा मी कोल्हापुरात जाऊन पास झालो आणि पुढची सगळी नोकरी त्यावर काढली. बटणांकडे न बघणे एवढीच माझी विद्या.

कॉम्प्युटर आला तेव्हासुद्धा ही विद्या वाया गेली नाही. मराठीसाठी श्रीलिपी घेतली आणि कीबोर्ड टाइपरायटरचाच ठेवला. म्हणजे 'कि' काढायचा तर पहिली वेलांटी आधी, क नंतर. (हल्लीच्या इनस्क्रिप्टमध्ये आधी क आणि मग वेलांटी. बोलण्याच्या हिशेबाने ते बरोबर आहे, पण माझ्या डाव्या हाताला ते अजून मान्य नाही.) शिवाय बेळगावात राहून नुसत्या मराठीवर भागत नाही. अर्ज कन्नडमध्ये, पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत आणि अर्जाचं पुढे काय झालं याची वर्षभराची चर्चा मराठीत, असं आमचं त्रिभाषा सूत्र आहे. म्हणून मशीनवर कन्नडचं नुडीही होतं. हे सगळे फॉन्ट मुलाने जाण्यापूर्वी नव्या लॅपटॉपवर उतरवून दिले होते. त्याने ते दिले नसते तर हा लेख इथेच संपला असता.

वर्ड 2007 उघडलं. वरचे फाईल, एडिट, व्ह्यू हे माझे जुने शेजारी बिऱ्हाड हलवून गेले होते. कोपऱ्यात डोळे मिचकावत बसणारी ती पेपर क्लिपसुद्धा नव्हती. तिची मला कधी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. त्यांच्या जागी पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चित्रंच चित्रं. कात्री, ब्रश, दुर्बीण, रंगाची बादली. रविवारी सकाळी पिशवी घेऊन फिश मार्केटात शिरावं आणि कुठल्या पाटीपुढे थांबावं ते कळू नये, तसं झालं. आयुष्यात ज्याने बटणाकडे बघितलं नाही तो माणूस आता एकेका चित्रावर बाण नेऊन, नाक पडद्याला लावून, हे काय असेल बरं असा विचार करू लागला. सर असते तर फूटपट्टी मोडेपर्यंत हाणली असती.

पहिले दोन दिवस छापायचं कुठून तेच सापडेना. फोन लावला.

"रिबनवर बघा, बाबा."

"बघितलं. कात्री आहे, छपाई नाही."

"हां, ते रिबनवर नाहीये. वर डावीकडे गोल बटण आहे ना, ते दाबा."

वर डावीकडे एक गोल, रंगीत ठसा होता खरा. तो मी कंपनीचा शिक्का समजत होतो. गोदरेजच्या कपाटावर शिक्का असतो. तो दाबल्यावर कपाट उघडतं काय? पण हे उघडलं. फाईल मेनूतलं सगळं सामान, सेव्ह आणि प्रिंटसकट, त्या शिक्क्याच्या आत कोंबलेलं होतं.

छापलं, तर एका पानाचा अर्ज दोन पानांवर गेला. सही एकटीच दुसऱ्या पानावर, एस.टी. चुकल्यासारखी. मला वाटलं वयामुळे मजकूर पसरट झाला. वास्तविक नव्या वर्डने दोन ओळींमधलं अंतर आपण होऊन एकवरून 1.15 केलं होतं आणि प्रत्येक परिच्छेदामागे 10 पॉइंटची मोकळी जागा सोडली होती. मी शब्द कमी करत बसलो. चार दिवस अर्जांतले 'कृपया' आणि 'नम्र विनंती' कापले. माझे त्या आठवड्यातले अर्ज जरा उद्धट वाटले असतील तर त्याचं कारण हे आहे.

इथवर नुकसान घरातल्या घरात होतं. पण थंडी पडली की आमच्या भागात संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, तिकडे निपाणीच्या बाजूला कारदगा. गावोगावचे लोक वर्गणी काढून, मांडव घालून, ग्रंथदिंडी काढून मराठी साहित्य संमेलन भरवतात. त्यातल्याच एका गावच्या स्मरणिकेचं टायपिंग माझ्याकडे होतं. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून तिथे लग्नाला जावं लागतं. स्मरणिकेतला मुख्य ऐवज म्हणजे अध्यक्षीय भाषण. बारा पानं. विषय अर्थातच सीमाभागातील मराठीचे अस्तित्व.

भाषण टाइप करून झालं. शीर्षकापासून शेवटपर्यंत सगळा मजकूर निवडला, कारण अक्षर जरा ठसठशीत करायचं होतं, आणि रिबनवरची फॉन्टची यादी उघडली. नव्या वर्डने एक जादू आणली होती. यादीतल्या नावावर नुसता बाण नेऊन धरला तरी पानावरचा मजकूर तात्पुरता त्या फॉन्टमध्ये दिसायचा. दाबायचीही गरज नाही. मला हे ठाऊक नव्हतं. यादी इंग्रजी वर्णक्रमाने. श्रीलिपी एसमध्ये, म्हणजे पार खाली. तिथे उतरताना वाटेत एन लागतो, आणि एनमध्ये नुडी बसलेली.

बाण नुडीवर आला आणि बारा पानांचं मराठी अस्तित्व एका झटक्यात गोल गोल कन्नड अक्षरांत गेलं.

त्या जुन्या फॉन्टांची गंमत अशी, की कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठीही नसते आणि कन्नडही नसते. असतात ते फक्त आकडे. अमुक आकड्याला कुठलं चित्र काढायचं ते फॉन्टने ठरवायचं. श्रीलिपीने 'म'चा तुकडा काढला, तर नुडी त्याच आकड्यावर आपलं काहीतरी काढून मोकळी होते. मजकूर तोच, सोंग वेगळं. युनिकोडमध्ये हा घोटाळा होत नाही, पण युनिकोड आमच्या गल्लीत अजून यायचं होतं.

मी गोठलो. बाण तसाच धरून बसलो. नेमका तेव्हा फोन वाजला. संमेलनाचे सेक्रेटरी.

"काय ओ सर, भाषण झालं काय?"

"झालंय की!" असं म्हणताना माझं बोट दचकून माउसवर पडलं. आणि मग चाळीस वर्षांच्या शिस्तीत, बटणांकडे न बघता, दुसऱ्या हाताने कंट्रोल एस दाबलं. झाकण मिटलं.

संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याच्याकडेही नुडी होतीच. बेळगावात कुठल्या झेरॉक्सवाल्याकडे नसते? दुकानात गर्दी. पोराने बारा पानं काढली, पाकिटात घातली, पैसे घेतले. त्याला त्यात वावगं काय वाटणार? कन्नड अक्षरांचे कागद तो दिवसाला शंभर काढतो. मी पाकीट काखेत मारून थेट गावची बस पकडली. आता तुम्ही विचाराल, मधे एकदा उघडून का बघितलं नाही? मनातून मला अशी आशा होती की मघाशी दिसला तो भास असावा.

बैठक वाचनालयात होती. वीस-बावीस मंडळी, चहा, वर टिळकांचा फोटो. सेक्रेटरींनी पाकीट फोडलं, पहिला कागद काढला, चष्म्यावरून बघितला, चष्म्यातून बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"हे काय ओ सर?"

कागद हातोहात फिरला. कुणी बोलेना. सीमाभागासाठी 2004 साली महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा लावला होता, तो चालूच होता. मी मात्र निकाल देऊन मोकळा झालो होतो, तोही गावाच्या वर्गणीतून. शेवटी कोपऱ्यातले एक आण्णा पुढे आले. त्यांचं शिक्षण कन्नड शाळेतलं. त्यांनी कागद हातात घेतला, घसा साफ केला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दोन ओळींत त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी निवाडा दिला:

"अक्षरं कन्नड हायत, पण हे कन्नड न्हवे ओ. उगीच त्या भाषेला बदनाम करू नका."

एवढ्यावर सुटका झाली. मंडळी इतकी हसली की चहा दुसऱ्यांदा करावा लागला.

रात्री घरी आलो आणि शेजारच्या हवालदारांच्या सातवीतल्या मुलाला हाक मारली. त्याने माउसला हातही लावला नाही. कंट्रोल ए, मग वर श्रीलिपी टाइप करून एंटर. मराठी परत आली. "आणि काका, कंट्रोल झेड केलं असतंत तर तेव्हाच परत आलं असतं. प्रिंटला कंट्रोल पी. हे सगळं जुन्या वर्डमध्ये पण होतंच की." म्हणजे नव्या वर्डने माझ्या डोळ्यांसमोरचं सगळं हलवलं होतं, पण बोटांखालचं काहीच हलवलं नव्हतं. आणि मी, कोल्हापुरात जाऊन चाळीस पास झालेला माणूस, तीन आठवडे चित्रं बघत बसलो होतो. पोराला सौ.नी कुंदा दिला. मला दिला नाही.

प्रेसमध्ये वेगळीच कथा. त्यांच्याकडे वर्ड 2003. माझी फाईल नव्या पद्धतीने सेव्ह झालेली, नावाच्या शेवटी एक जादा 'एक्स', आणि तेवढ्यासाठी ती तिथे उघडेना. गोल शिक्क्यात जाऊन '97-2003' असं निवडून परत सेव्ह करा, हे मला फोनवर सांगून प्रेसचा पोरगा जेवायला गेला. मी ते केलं, आणि दुपारी तीनला सगळी स्मरणिका पेजमेकरमध्ये एकदाची बसली.

पुढे दोन वर्षांनी मुलाने वर्ड 2010 घालून दिलं. तोवर मी त्या गोल शिक्क्यावर प्रेम करायला लागलो होतो. कॅम्पातल्या निम्म्या पेन्शनरांना तो मी स्वतः दाबायला शिकवला होता. नव्या आवृत्तीत तो काढून टाकलेला, आणि त्या जागी सरळ शब्दांत लिहिलेलं, 'फाईल'. ग्लोब टॉकीजसमोर पेन्शनर भेटले तर मी रस्ता ओलांडू लागलो.

एक गोष्ट मात्र राहिली, ती सांगून टाकतो. मराठी परत आली की नाही याची खात्री करायला मी त्या रात्री स्मरणिकेच्या फाईलमध्ये जिथे कर्सर होता तिथे एक ओळ टाइप करून पाहिली होती: 'आता तरी ये बाबा'. ती पुसायची राहिली. कर्सर होता तो समितीच्या दिवंगत अध्यक्षांवरच्या श्रद्धांजलीच्या लेखात, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. पाचशे प्रती छापून झाल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं.

संमेलनाच्या दिवशी मांडवात त्यांचे चिरंजीव मला शोधत आले. मी खुर्चीमागे सरकत होतो. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सर, बाबांवर पुष्कळांनी लिहिलं. पण ते एक वाक्य वाचून आई रडली ओ."

ती स्मरणिका तुमच्या घरी असेल, तर कृपा करून त्यांना काही सांगू नका.