काठावर पास

आमची मारुती ८०० ही १९९८ सालची, कार्बोरेटरवाली. इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर तीन. त्यांतला एक थंडीत जरा उशिरा उठतो. ती विकण्याचा ठराव घरात अनेकदा बहुमताने मंजूर झालाय. मी मात्र पंधरा वर्षं उलटल्यावर रीतसर पुन्हा नोंदणी करून घेतली, पर्यावरण कर भरला. सरकारला गाडी चालते, घरच्यांना चालत नाही. प्रश्न फक्त पीयूसीचा. तो दर सहा महिन्यांनी उभा राहतो.

खरं तर नियम म्हाताऱ्यांच्या बाजूने आहे. भाच्याच्या बीएस-४ गाडीला उभ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के चालतो, आमच्या गाडीला ३ टक्के. हायड्रोकार्बन त्याला २०० पीपीएम, आम्हाला १५००. इतकी घसघशीत सवलत कुणी देत नाही. बँकेत ज्येष्ठ नागरिकाची अर्ध्या टक्क्यावर बोळवण होते. तरीही आमची गाडी काठावर. आणि पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीपासून दंड दहा हजारांपर्यंत. तेवढ्या रकमेत भंगारवाला घासाघीस न करता गाडी घेऊन जाईल, असं आमच्या हिचं म्हणणं.

पीयूसीची तारीख जवळ आली की सोसायटीतले सगळे इंजिनतज्ज्ञ जागे होतात. जोशीकाका म्हणतात, टाकीत ती इंजिन साफ करणाऱ्या औषधाची बाटली ओता. तळमजल्यावरचे म्हणतात, महागातलं पेट्रोल भरा. कुणी सांगतं, खेड शिवापूरपर्यंत दामटून आणा आणि तशीच गरम गाडी मशीनला लावा. यातला शेवटचा सल्ला खरा आहे. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, त्यात चोक ओढलेला राहिला तर संपलंच.

शेवटी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने बॉनेट उघडून आधी एअर फिल्टर बाहेर काढला आणि टायरवर आपटला. धुरळा उडाला. त्यातून कडुलिंबाची दोन वाळकी पानं आणि एक मेलेली गांधीलमाशी पडली. मग प्लग. टोकावर काजळीचा थर. तो त्याने बोटाने पुसला, बोट मला दाखवलं आणि शांतपणे माझ्याच गाडीच्या सीट कव्हरला पुसलं.

"काका, ही पेट्रोल पिते, पण जाळत नाही."

मग तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरवर वाकला. पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. स्क्रू आत घेतला की पेट्रोल कमी होतं आणि कार्बन मोनॉक्साइड उतरतो. पण जास्त पिळला की इंजिन मिसफायर मारतं, न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरमधून बाहेर येतं आणि हायड्रोकार्बन चढतो. मेकॅनिक कान देऊन पाव-पाव आटा फिरवत होता. मीही मान हलवत होतो. कळत काही नव्हतं, पण पैसे मी देणार होतो.

पीयूसी सेंटरवर रांग होती. इंजिन गार पडलं तर आकडा चढेल, म्हणून कुणीच गाडी बंद करत नव्हतं. आपण प्रदूषण करत नाही हे सिद्ध करायला आलेल्या गाड्या एका ओळीत उभ्या राहून बिनदिक्कत धूर सोडत होत्या. माझ्या पुढच्या गृहस्थांनी तर नाकाला रुमाल लावला होता आणि पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला होता.

आमचा नंबर आला. पोऱ्याने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, नंबरप्लेटचा फोटो काढला. मशीनवरचा आकडा ३.४ वर गेला. माझा श्वास अडकला. मग तो कुरकुरत उतरला आणि २.६ वर थांबला. प्रिंटरने कागद बाहेर टाकला.

दुसऱ्याच दिवशी कात्रजच्या जुन्या घाटात गाडीने मान टाकली. पिकअपच नाही. दुसऱ्या गियरमध्ये घाट चढताना सायकलवाला पुढे गेला, वर हातही करून गेला. मी तसाच मेकॅनिककडे.

त्याने स्क्रू अर्धा आटा बाहेर घेतला, एकदा रेस करून पाहिली आणि हात पुसले. या वेळी फडका होता.

"आता घाला खुशाल घाटात. फक्त त्या पीयूसीवाल्याच्या टपरीवरून जाताना रेस जरा कमी ठेवा."