नाद खरखरीचा

उचगावच्या कुठल्याही गल्लीत कानाशी ट्रान्झिस्टर धरलेले एक आबा असतातच. शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीच्या धडधडाटात ज्यांनी नोकरी काढली, त्यांना आता नऊ वॅटच्या बल्बचा आवाज सोसत नाही. बल्बला आवाज असतो हे ऐकून सूनबाई कपाळावर हात मारून घेतात. आबांचं वय झालं, हा घराचा निकाल. माझं मत उलट आहे. वय झालं असेल, पण वीज घरात काय उद्योग करते ते ऐकू येणारा घरात हा एकच माणूस आहे.

पुरावा पाहा. एलईडी बल्ब, चार्जर, टीव्ही यांच्या पोटातली वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. त्या खटक्यांचे पडसाद मीडियम वेव्हपर्यंत, म्हणजे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पोचतात आणि घरभर फिरलेली वायर त्यांना आयती एरियल मिळते. इथे गाणं लहरीच्या कमी-जास्त उंचीवर बसून येतं, खरखरही त्याच वाहनाने येते. रेडिओ बिचारा दोघांनाही उतरवून घेतो. जवळची सांगली आकाशवाणी या गोंगाटातही ठणकावून बोलते, पण रात्री लांबून येणारं स्टेशन कुजबुजत येतं आणि बल्बखाली चिरडतं. आबांचा तपासही शास्त्राला धरून असतो. सेलवरचा रेडिओ चालू ठेवून मेन स्विच पाडायचा. खरखर थांबली की चोर घरातला. मग एकेक बटण दाबत जायचं. रेडिओतल्या फेराइटच्या कांडीचं टोक चोराच्या दिशेला वळलं की आवाज बसतो, म्हणून आबा रेडिओ फिरवत खोलीभर हिंडतात. हा पंचनामा नेमका मालिकेच्या वेळी निघतो, एवढाच त्यातला दोष.

मोबाइलवर सगळी स्टेशनं स्वच्छ लागतात, मग हा खटाटोप कशाला, असं नातू विचारतो. विहिरीत गळ टाकून बसलेल्याला बाजारातला मासा दाखवण्यासारखंच हे. शिवाय त्या मोबाइलचा चार्जर हाच संशयित क्रमांक एक. दुसरा आक्षेप वजनदार आहे: एलईडीमुळे बिल उतरलं, ते एका माणसाच्या नादापायी पुन्हा चढवायचं का? मुळीच नाही. इथे आबांचंच चुकतं. दोष एलईडीचा नाही, स्वस्तातल्या मालात वाचवलेल्या फिल्टरचा आहे. बरा बल्ब आणि चार्जरच्या वायरीवर फेराइटचा मणी, एवढ्यावर पुष्कळदा तडजोड होते. आणि नाद म्हणून हसायचं तर नारायणगावजवळच्या खोडदलाही हसावं लागेल. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातली कुजबुज ऐकतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी गोंगाटाची तक्रार केली, तर पुणे-नाशिक रेल्वेच्या मार्गाचा फेरविचार होतो. आबांनी केली, तर चार्जरसुद्धा जागचा हलत नाही.

त्यांना न्याय देते ती महावितरण, तोही न विचारता. लाइट गेली की गल्ली हळहळते आणि आबांच्या रेडिओवर कुठलं तरी दूरचं स्टेशन लख्ख उमटतं. थोड्या वेळाने पंखे फिरू लागतात. पोरं ओरडतात, "आली!" आबाही त्याच क्षणी म्हणतात, "आली." पोरं लाइटबद्दल बोलत असतात, आबा खरखरीबद्दल.