श्रीखंडाच्या डब्यातले दोन हजार

शनिवारी रात्री नऊच्या सुमाराला आप्पांच्या दारावरून जायचं नाही, हे आमच्या वारणानगरच्या गल्लीत आता सगळ्यांना पाठ झालंय. त्या वेळी आप्पा आठवड्याचा हिशेब मिटवत असतात आणि सापडेल त्याला साक्षीला बसवतात. सोप्यात सतरंजी, तिच्यावर वारणा श्रीखंडाचा रिकामा डबा, डब्यात उरलेल्या नोटा नि चिल्लर, मांडीवर डायरी. मी सापडतोच.

"बसा की. तुम्ही तिऱ्हाईत, म्हणजे ऑडिटर."

आप्पा हे एकटे माणूस नव्हेत, ती एक जात आहे. तात्यासाहेब कोऱ्यांनी या माळावर कारखाना उभा केला, पाठोपाठ दूध संघ आला, वारणा बाजार आला, शाळा-कॉलेजं आली. एवढ्या संस्थांच्या वह्या लिहिता लिहिता माणसांचा एक वाणच तयार झाला. निवृत्त झाला तरी ताळेबंद जुळल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही. हातची संस्था सुटली तशी आप्पांनी घराचीच संस्था केली. काकी चेअरमन, सूनबाई व्हाइस चेअरमन, आणि सगळे अधिकार सेक्रेटरीकडे.

आठवड्याला दोन हजार, हा ठरावही रीतसर झालेला. त्याचं मूळ पेपरातल्या एका बातमीत. 2022-23 च्या राष्ट्रीय पाहणीत खेड्यातला माणूस महिन्याला सरासरी 3,773 रुपये खर्चतो आणि त्यातले शेकडा 46 च्या आसपास खाण्यावर जातात, असं आलं होतं. आप्पांनी लाइट बिलाच्या पाठीवर गुणाकार मांडला. माणशी 1,736, माणसं पाच, भागिले तीस, गुणिले सात : 2,025. वरचे पंचवीस त्यांनी तिथंच कापले. काटकसर पहिल्या दिवसापासून दिसली पाहिजे.

आता त्या पाहणीत घरचं पिकलेलं धान्य नि दूधही किमतीनं धरलेलं असतं. आप्पांचा तांदूळ शेतातला, दूध दारातल्या म्हशीचं. म्हणजे दोन हजारात त्यांना चांगलीच सूट मिळाली. पण सरासरीत देशातली अशीही घरं येतात, जिथं रविवारी मटण शिजत नाही. ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

खरी अडचण आठवड्याची आहे. आमच्याकडं पैसा आठवड्यानं येतच नाही. दुधाचं बिल दहा दिवसांनी, पेन्शन महिन्यानं, उसाचं बिल हंगामात, फरक आणि सभासदाची साखर दिवाळीला. आठवड्यानं येतो तो फक्त बाजार. त्यात दुधाचं बिल काकींच्या नावावर. आप्पांनी त्याला डायरीत रकानाच ठेवला नाही. "ते म्हशीचं खातं. पेंड, वैरण, डॉक्टर. त्यात आपण हात घालायचा न्हाई." एवढं एक वाक्य पुढं लागणार आहे.

वारणा बाजारात आप्पांच्या मागं रांगेत उभं राहायला धीर लागतो. गोडेतेलाची एक पिशवी ते चष्मा लावून वाचतात आणि एक चष्मा काढून. लिटरच्या पिशवीत 910 ग्रॅम तेल असतं. शेजारी तेवढीच फुगलेली, दोन रुपयांनी स्वस्त पिशवी, तिच्यावर बारीक अक्षरात 850. ती पकडली की आप्पा गड जिंकल्यासारखी ती मागच्या सगळ्यांना दाखवतात. हे मात्र मी त्यांच्याकडूनच शिकलो. तेव्हापासून मीही भाव बघायच्या आधी वजन बघतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आदर्श ताटात माणशी दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप आहे, म्हणजे पाच जणांना आठवड्याला 945. "लिटरची एक पिशवी, आणि वरचे पस्तीस ग्रॅम शेंगदाण्यात बघायचे," आप्पांनी घरी जाहीर केलं.

"सत्तावीस ग्रॅम?" काकी म्हणाल्या. "तेवढा तर तांबड्या रश्शावर नुसता कट येतोय."

मे महिन्यात चटणी आली आणि बजेट आडवं झालं. ब्याडगी, संकेश्वरी, धने, खोबरं, तीळ, कांदा, लसूण, वर डंकाची मजुरी : सगळं एका आठवड्यात. पण आप्पा जुने खाते-वहीवाले. त्यांनी एकूण खर्चाला बावन्नने भागलं आणि दर आठवड्याला एकेक हप्ता टाकला. युक्ती खरोखर चांगली होती. पण काकींनी लेकीला पुण्याला दोन किलोची बरणी भरून दिली, नणंदेला एक, सुनेच्या माहेरी एक. आप्पांनी बरण्या मोजल्या, डायरी चाळली आणि कपाळाला हात लावला.

"अगं, नोव्हेंबरातली चटणी मे महिन्यातच पुण्याला गेली!"

मटणावर मात्र ते बोलत नाहीत. 2019 च्या अखेरीस दर सहाशेच्या घरात गेला तेव्हा कोल्हापूरकरांनी त्यावर आंदोलनं केली, विक्रेत्यांबरोबर बैठका झाल्या. जगात लोक भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्याचं वाचलंय. रविवारच्या रश्शासाठी उतरणारे आपणच. आप्पांच्या डायरीत ओळ ठरलेली : मटण, अर्धा किलो. अर्धा किलो का, तर पाच माणसं. पण खुर्चीवर बसून ओळ लिहिणारा वेगळा आणि रविवारी सकाळी दुकानासमोर पिशवी घेऊन उभा असलेला वेगळा. मेहुणे दिसतात, जुना दोस्त दिसतो, "या की दुपारी जेवायला" असं तोंडातून निघून जातं. मग बारा वाजता दारात चपलांचे चार जोड जादा. काकी एक शब्द बोलत नाहीत. पांढऱ्यात खोबऱ्याचं दूध वाढतं, तांबड्यात आधण वाढतं, भात पुन्हा टाकला जातो. अर्ध्या किलोत नऊ माणसं जेवून ढेकर देतात आणि वर आप्पा सांगतात, "नियोजन असलं की भागतंय बघा." आमचा रस्सा पातळ का, याचं उत्तर मला तिथं मिळालं.

एवढं होऊनही शनिवारी हिशेब जुळतो. दोन वर्षं मी साक्षीला बसतोय, डब्यातली रक्कम डायरीतल्या शिल्लकेशी रुपयाला रुपया जुळते. पाव्हणे आले, नातवानं रोज दहाचा पुडा फोडला, कोथिंबिरीची पेंडी पावसात तिप्पट झाली, तरी जुळते. आप्पांना यात स्वतःचं कसब दिसतं.

गेल्या शनिवारी मात्र ते गप्प होते. डायरीत शिल्लक 112, डब्यात 148. तिसऱ्यांदा मोजून झालं होतं.

"छत्तीस जादा."

"बरंच झालं की," मी म्हणालो.

"बरं काय? कमी आलं तर हरवलं म्हणता येतंय. जादा आलं तर कुणीतरी वहीत हात घातलाय." त्यांनी पान मागं उलटलं, बोटानं एकेक ओळ तपासू लागले. मेथी, वांगी, दोडका, रवा, पोहे, दिवाबत्तीचं तेल. काडेपेटीसुद्धा.

काकी आत उंबऱ्याशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी पाणी प्यायला उठलो तसा त्यांनी आवाज खाली घेतला.

"दर शुक्रवारी त्यांची वही बघून कमी पडलेलं मीच टाकतो डब्यात. दुधाचं बिल आलंय काल. घाईत पन्नासाची नोट गेली, चौदाच कमी होते."

"सांगा की मग त्यांना."

त्यांनी एक जून देठ खुडून टाकलं. "आणि मग शनिवारी रातच्याला त्यांनी करायचं काय वो?"

बाहेरून हाक आली. आप्पांना चूक सापडली होती. मागल्या मंगळवारी लिंबं छत्तीस रुपयांची लिहिली होती आणि ती बहुधा आणलीच नव्हती. त्यांनी ती ओळ लाल पेनानं खोडली आणि शेजारी माझी सही घेतली.