वाचलं नाही, पण सही आहे

मराठी नटाच्या आत्मचरित्राला शब्दसूची बहुधा नसते. लोक याला प्रकाशकाचा आळस म्हणतात. मला तर ते शुद्ध धंद्याचं डोकं वाटतं. शेवटच्या चार पानांत नावं आणि पृष्ठांक छापले, तर निम्मे चाहते दुकानात उभ्या उभ्याच पुस्तक उरकून घरी जातील. आपल्या लाडक्या अभिनेत्रीबद्दल काय म्हटलंय, अमुक निर्मात्यानं नाइटचे पैसे बुडवल्याचं आलंय का, आणि 'ते' प्रकरण घेतलंय की गाळलंय, एवढंच तर बघायचं असतं. सूची नाही म्हणून बिचाऱ्यांना चारशे रुपये मोजून आजोळ, मुंज, गॅदरिंगमधलं पहिलं बक्षीस आणि वडिलांचा नाटकाला विरोध हे सगळं पार करत जावं लागतं. वडिलांचा विरोध साधारण तिसऱ्या प्रकरणात मावळतो. तोवर पुष्कळसे चाहतेही मावळलेले असतात.

मग ते चर्चेला लागतात. पुरतं वाचलेला माणूस सहसा गप्प असतो, चर्चा अर्धवटवाल्यांची. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर, पहिल्या घंटेच्या आधी ती ऐकावी. 'सरांनी फार संयमानं लिहिलंय' म्हणजे नावं दिलेली नाहीत. 'मोकळेपणानं लिहिलंय' म्हणजे नावं दिलीत, पण ती माणसं हयात नाहीत. 'प्रांजळ आहे' म्हणजे दारूचा उल्लेख आहे. 'भाषा ओघवती आहे' म्हणजे शब्दांकन दुसऱ्या कुणीतरी केलंय. आणि 'संग्राह्य आहे' म्हणजे वरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही.

या घोळक्यात एक काका असतातच. त्यांनी मूळ संचातला प्रयोग पाहिलेला असतो आणि तो त्यांच्याकडे सातबाऱ्यासारखा जपलेला असतो. "पुस्तकात सर म्हणतात, त्या प्रवेशात ते डाव्या विंगेतून एन्ट्री घ्यायचे. साफ चूक! उजव्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो." तिसऱ्या रांगेतून दिसणारं उजवं हे नटाचं डावं असतं, हे त्यांना सांगण्यात अर्थ नसतो. ते फक्त मान हलवतात आणि हळहळतात, "वय झालं हो सरांचं."

गंमत अशी की या पुस्तकांत माल भरपूर असतो, फक्त चाहते हुडकतात तिथं नसतो. गणपतराव बोडसांचं 'माझी भूमिका' घ्या. १९१३ साली बालगंधर्व आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढणारा भागीदार, 'एकच प्याला'तला पहिला सुधाकर, आणि पुढे त्याच मंडळीतून बाहेर पडलेला माणूस. आजचा चाहता हे पुस्तक हातात घेऊन एकच विचारणार: बालगंधर्वांबद्दल काय लिहिलंय? गद्य भूमिका करणारा नट गाण्यांच्या पुरात पाय रोवून कसा उभा राहिला असेल, हा प्रश्न त्याच्या स्वप्नातही येणार नाही. चिंतामणराव कोल्हटकरांनी दीनानाथ मंगेशकरांबरोबर बळवंत संगीत मंडळी काढली, चालवली, निभावली. त्यांच्या 'बहुरूपी'ला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. यात चाहत्याच्या कामाचं वाक्य कोणतं? "म्हणजे लताबाईंचे वडील ना?" बस.

पुढे कित्येक वर्षांनी अशोक सराफांनी आपल्या पुस्तकाला 'मी बहुरूपी' नाव दिलं. मधल्या काळात रंगभूमीत नेमकी कशाची भर पडली असं कुणी विचारलं, तर मुखपृष्ठाकडे बोट दाखवता येईल. (स्टेट बँकेची नोकरी सांभाळून नाटकं केलेल्या माणसाला एवढा 'मी' माफ आहे. बाकीच्यांनी आपापला तपासून घ्यावा.) पुस्तकाच्या नावाच्या बाबतीत पणशीकरांचा हात कुणी धरू शकणार नाही. १९६२ पासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून 'तो मी नव्हेच' म्हणणाऱ्या या लखोबानं आत्मचरित्राचं नाव ठेवलं 'तोच मी'. इतका नेटका कबुलीजबाब मराठीत दुसरा नाही, आणि तो ऐकायला प्लॅस्टिकसुद्धा काढावं लागत नाही.

डॉक्टर लागूंच्या 'लमाण'चं तर चाहत्यांनी दोन वाक्यांत काम संपवलंय. कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडली, आणि 'नटसम्राट' केलं. १९६९ आणि १९७०, झालं पुस्तक! मधल्या शेकडो पानांत हा माणूस एकेका भूमिकेला सर्जनसारखा टेबलावर घेऊन उघडतो, कुठं जमलं नाही ते सांगतो, तालमीत काय अडलं ते सांगतो. ती पानं अभिनय शिकणारी पोरं वाचतात. चाहते म्हणतात, "थोडं जड आहे." कमलाकर सारंगांचं 'बाइंडरचे दिवस' त्याहून अवघड जागी अडकलंय. नावात बाइंडर आहे म्हणून ज्यांनी ते उत्सुकतेनं उघडलं, त्यांना आत सेन्सॉर बोर्ड भेटलं, कापाकापीच्या याद्या भेटल्या, वकील भेटले. प्रकरण आहे, पण कोर्टातलं. तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' १९७२ सालचं. ते रंगमंचावर टिकावं म्हणून दिग्दर्शकानं जे केलं, ते त्या नाटकाइतकंच अंगावर येतं. पण त्यात कुणी कुणाबरोबर पळून जात नाही, त्याला लेखक काय करणार?

असो. न वाचण्यात आपण तरबेज आहोत. खरी हौस सहीची.

इंग्लंड-अमेरिकेत पुस्तक आलं की लेखकाला सह्यांसाठी मुद्दाम गावोगाव फिरवतात. आमचा नट मुळात फिरतच असतो. बसच्या टपावर सेट, आत नट आणि मागच्या सीटखाली पुस्तकांचे गठ्ठे, एवढ्यावर दौरा भागतो. मध्यंतरात फॉयरमध्ये टेबल लागतं. त्या दहा-पंधरा मिनिटांत तीन रांगा असतात: स्वच्छतागृहाची, बटाटेवड्याची आणि पुस्तकाची. तिन्हींची लांबी याच क्रमानं. नट मेकअपमध्ये प्रेक्षकांत येत नाही, तसा संकेत आहे. म्हणून मध्यंतरात पैसे भरायचे आणि सही प्रयोगानंतर मेकअप रूमच्या दाराशी घ्यायची. शिवाजी मंदिरचा रात्रीचा प्रयोग सुटला की चाहत्याच्या एका डोळ्यापुढे सर असतात आणि दुसऱ्यापुढे दादर स्टेशन. कर्जत गाडी आणि कलेवरची निष्ठा यांत कोण जिंकतं, हे तो राहतो कुठं यावर ठरतं. चाहतावर्ग दादर-पार्ल्याचाच का, याचा पुष्कळ तात्त्विक ऊहापोह झालाय. एकदा रेल्वेचं वेळापत्रकही बघावं.

सहीच्या टेबलावरचा प्रवेश तर कुठल्याही नाटककाराला लिहिता आला नसता. पाच मिनिटांपूर्वी रंगमंचावर मेलेला माणूस अर्धवट रंग पुसून खुर्चीत बसलाय.

"कुणाच्या नावानं लिहू?"

"आईच्या. नको नको, आईला आता दिसत नाही. 'ताईस सप्रेम' करा. आणि हे दुसरं जावयासाठी."

"त्यांना नाटकांची आवड?"

"छे! पण नेहमी काय शर्टपीसच द्यायचा?"

मग तारीख. मग "सर, नाव पूर्ण येऊ द्या, नुसती रेघ नको." मग फोटो, आणि फोटोत पुस्तक सरळ धरलंय ना, हे बघायला दुसरा फोटो. नट या सगळ्याला हसतमुखानं सामोरा जातो. फक्त एक प्रश्न तो चुकूनही विचारत नाही, आणि तो विचारत नाही म्हणूनच रांग टिकते. पहिल्या पानावर त्याची सही आणि तिच्या शेजारी वड्याच्या तेलाचा अंगठा, अशी दोघांच्या साक्षीनं प्रत घरी जाते.

आता ऑडिओबुकाकडे येऊ. स्टोरीटेल हे अॅप २०१७ साली आपल्याकडे आलं, मराठीत 'पुस्तक ऐकलं' असं म्हणण्याची सोय झाली, आणि चाहत्यांना वाटलं, चला, वाचण्यातून सुटलो. पण इथं काव्यगत न्याय झालाय. पुस्तक चाळता येतं, आवाज चाळता येत नाही. 'ते' प्रकरण किती तास किती मिनिटांवर आहे, हे कळायला आजोळ आणि मुंज यांच्यासकट सगळं ऐकावं लागतं.

दुसरा न्याय मोबाइलच्या बाबतीत. प्रेक्षागृहात फोन वाजला म्हणून चालू प्रयोग थांबवून आपले नट प्रेक्षकांना खडसावत आले. रास्तच होतं ते. आता त्याच नटाचं अख्खं आयुष्य त्याच यंत्रातून ऐकलं जातंय. आईच्या मृत्यूची आठवण सांगताना सरांचा गळा दाटून येतो आणि तेवढ्यात गॅस सिलिंडरवाल्याचा फोन येतो. थांबतात ते सरच. कुणाला खडसावणार?

वाचायचं कुणी, यावर चाहत्यांत उभी फूट आहे. नटानं स्वतः वाचलं तर "दम लागतोय जरा" आणि दुसऱ्यानं वाचलं तर "सरांच्या आवाजाची सर नाही." इंग्लंडच्या अभिनेत्री जुडी डेंच यांच्या शेक्सपिअरवरच्या २०२३ सालच्या पुस्तकाच्या ऑडिओत त्यांची बाजू बहुतांश बार्बरा फ्लिन या अभिनेत्रीनं वाचलीय; डेंचबाईंची नजर अधू झालीय, हे जगाला ठाऊक होतं, म्हणून कुणी फार कटकट केली नाही. आपल्याकडे कटकट कारणावर अवलंबून नसते.

माझं मत विचाराल तर नटाचं चरित्र नटानंच बोलावं, खोकल्यासकट. नटाची आत्मचरित्रं पुष्कळदा मुळात बोललेलीच असतात; 'शब्दांकन' लिहिलेलं ते दुसरं काय? हंसा वाडकर पडद्यावरच्या, पण दाखला त्यांचाच द्यावा लागतो. 'सांगत्ये ऐका' त्यांनी अरुण साधूंना सांगितलं, साधूंनी उतरवून घेतलं, १९७० साली पुस्तक झालं आणि पुढे त्यावरून श्याम बेनेगलांना 'भूमिका' सुचला. त्या सांगण्याच्या वेळी कुणी टेपरेकॉर्डर लावून ठेवला असता आणि त्या फिती आज हाती असत्या, तर मी छापील प्रत बिनतक्रार बदलून दिली असती.

पण स्टुडिओत नाटकवाल्याची पंचाईत होते, हेही खरं. जन्मभर बाल्कनीतल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत वाक्य फेकण्याची सवय, आणि इथं माइक चार बोटांवर. ध्वनिमुद्रण करणारं पोरगं काचेपलीकडून खुणावतं, "सर, जरा हळू." ज्या किश्श्यावर प्रत्येक मुलाखतीत हशा येतो, तिथं सर सवयीनं थांबतात. हशा येत नाही. ती शांतता मुद्रित होते, आणि संपादक ती कापून टाकतो. संगीत नाटकात 'वन्समोअर' मिळवायला पदाचा जीव काढावा लागे. आता तो पंधरा सेकंद मागे नेणाऱ्या बटणात बसलाय, आणि तो मिळाला हे नटाला कळतही नाही. सगळ्यात मोठा अपमान मात्र वेगाचा. जो पॉज घेण्यात या माणसाची हयात गेली, त्याचं आत्मचरित्र चाहता दीडपट वेगानं ऐकतो. वर सांगतो, "सरांचं टायमिंग काय आहे हो!"

परदेशातल्या चाहत्यांचा उत्साह याहून दांडगा. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन आलं की इथून नाटकं जातात, पण पुस्तकं जात नाहीत, कारण विमानात सामानाला वजनाची मर्यादा असते आणि ती चकली-भाजणीनं आधीच भरलेली असते. त्यामुळे तिकडे ऑडिओचाच आधार. न्यू जर्सीच्या हमरस्त्यावर गाडी चालवत कुणीतरी नाटकाच्या बसनं रात्रभर केलेल्या मराठवाड्याच्या दौऱ्याचं वर्णन ऐकतं आणि गहिवरतं. गहिवर खरा असतो, त्याची चेष्टा नको. चेष्टा पुढच्या भागाची.

कारण गहिवर ओसरला की कृतज्ञता व्यक्त करायची असते. ती व्यक्त होते ती अशी: कुणीतरी अख्खं पुस्तक पानापानानं फोनवर स्कॅन करतं, सहीच्या पानासकट, आणि त्याची पीडीएफ सगळ्या ओळखीच्यांना पाठवतं. खाली लिहिलेलं असतं, 'प्रत्येक मराठी घरात असायलाच हवं असं पुस्तक. सरांना मानाचा मुजरा.' तीन मिनिटांत चाळीस जोडलेले हात येतात. मूळ संचवाले काका मात्र रागावतात. एवढी अक्षरं फोनवर वाचवत नाहीत म्हणतात. फुकटातला ऑडिओ कुणाकडे असेल तर बघा जरा.