दोन बोटं माया

आमच्याकडे मुलगी झाली तेव्हा नातेवाइकांनी झबल्यांचा पाऊस पाडला. बाळंतविड्यातली, बारशातली आणि 'सहज दिसलं म्हणून घेतलं' या सदरातली अशी सगळी मिळून 41 झबली झाली. मी ती मोजली, कारण मी हिशेबनीस आहे आणि बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला करण्यासारखं दुसरं काही नसतं. त्यातली 37 झबली 'शून्य ते तीन महिने' या मापाची निघाली. आपल्या नातेवाइकांच्या समजुतीप्रमाणे मूल जन्मतं, तीन महिने झबलं घालतं आणि मग एकदम गणवेश घालून शाळेच्या व्हॅनमध्ये चढतं.

गंमत म्हणजे पहिले बारा दिवस मुलीनं त्यातलं एकही घातलं नाही. तान्ह्या बाळाला कोरं कापड लावायचं नाही, असं सांगून माझ्या आईनं तिला पणजीच्या जुन्या सुती लुगड्याच्या दुपट्यांत गुंडाळलं. कोऱ्या कापडाची खळ बाळाच्या कातडीला टोचते, शंभर धुण्यांतून गेलेलं लुगडं टोचत नाही, इतकंच त्यातलं शास्त्र. बारसं झालं, दुपटी सुटली, नव्या झबल्यांचा मुहूर्त आला आणि तेवढ्यात ती काखेत काचायला लागली.

जन्मतः साधारण 50 सेंटिमीटर असलेलं मूल वर्षात 75च्या आसपास पोचतं आणि वजन तिप्पट करतं. बारा महिन्यांत तिप्पट वाढ देणारी दुसरी कुठलीही योजना माझ्या माहितीत नाही. कुणी तशी सांगत आलाच, तर मी आधी पोलिसांना कळवीन.

वाढदिवस झाला तसं बायकोनं बोहारणीला बोलावलं. तिनं ढीग उलटापालटा केला, एक झबलं दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं आणि म्हणाली, "ताई, याचं फडकंसुद्धा होत नाही." साऱ्या ढिगाच्या बदल्यात तिनं चहाची एक गाळणी पुढे केली. त्यातल्या एका झबल्याची किंमत मला पाठ होती, कारण मामेसासऱ्यांनी ते किमतीची चिठ्ठी आठवणीनं न काढता दिलं होतं. माझ्यातला हिशेबनीस पेटला.

"काही द्यायचं नाही," मी म्हणालो. "यातूनच मी तिला मोठे कपडे शिवीन."

घरात शांतता पसरली. बोहारणीनं गाळणी उचलून पाटीत ठेवली आणि बायकोकडे दयेनं बघत ती निघून गेली.

आईचं पायाचं मशीन गेली बारा वर्षं आमच्या डोंबिवलीच्या घरात टीव्हीचं टेबल म्हणून नोकरी करत होतं. त्याला मूळ पदावर आणलं. सुकलेला चामडी पट्टा बदलला, तेल घातलं, बॉबिन भरली. पायट्यावर पाय ठेवला की चाक उलटं फिरे आणि दोरा तुटे. पुढे जायला निघालेलं काम मागे येतं, हा अनुभव मला ऑफिसातला होता, घरात नवीन होता.

"अरे, आधी हातानं चाक आपल्याकडे फिरव, मग पाय चालव," आई म्हणाली. "आणि हे बघ, वर्षानंतर मूल रुंदीला फार वाढत नाही, उंचीला वाढतं. छातीला हात लावू नकोस. लांबी दे."

आईचं खरं होतं. दुसऱ्या वर्षात मूल बारा सेंटिमीटर उंच होतं, वजन मात्र जेमतेम अडीच किलो वाढतं. म्हणून नऊ महिन्यांच्या मुलीचा फ्रॉक दीड वर्षाला छातीत बसतो आणि गुडघ्यापर्यंत यायचा तो बेंबीशी थांबतो. त्याला खाली झालर लावली की झालं. मी घेर मोजला, बरोबर तेवढ्याच लांबीची पट्टी कापली आणि नीट जोडली. हिशेब पैशापैशाला जुळला. पण झालरीला चुण्या पडायला पट्टी घेराच्या दीडपट ते दुप्पट लागते, हे मला पट्टी जोडून झाल्यावर सांगण्यात आलं. मुलगी त्या नळकांड्यात उभी राहिली. तिला पाऊल टाकता येईना. ती मांडवातल्या गणपतीसारखी जागच्या जागी हात हलवत राहिली.

दुसरा प्रयोग मोज्यांसकट येणाऱ्या अखंड सूटवर. कंबरेत कापला, खालचे मोजे छाटले, की विजार तयार. कंबरेला नेफा घातला आणि मोठ्या झोकात तो चहूबाजूंनी शिवून टाकला. मग कळलं की इलास्टिक आत सोडायला दोन बोटं जागा उघडी ठेवायची असते. उसवलं. इलास्टिक सेफ्टी पिनेला टोचून आत घातलं, तर पिन अर्ध्या वाटेत उघडली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. पुन्हा उसवलं. शेवटी विजार झाली. मुलगी ती घालून उभी राहायची, चालायची, पण बसायला गेली की किंचाळायची.

"आसन कुठंय?" आईनं विचारलं. "लंगोटाला मागं जागा नको? विजार मागून पुढच्यापेक्षा उंच लागते." तोवर आसन हा शब्द मी फक्त योगवर्गाशी जोडला होता. तिथेही ते मला जमलेलं नाही.

तिसरा कपडा खाली टिचबटणं असलेला बनियनसारखा. तो मुलीला उभा पुरेना. मी कंटाळून बटणांचा भाग सरळ कात्रीनं उडवला. झाला टी-शर्ट! होजिअरीच्या कापडाला दशा निघत नाहीत, कड नुसती गुंडाळली जाते, त्यामुळे टीपसुद्धा मारावी लागली नाही. माझ्या शिवणकामातला यशस्वी झालेला एकमेव कपडा हा असा, न शिवलेला.

चौथ्या वेळी मला वाटलं, झालर नको, बाजूच्या शिवणीच उसवून अंग थोडं सैल करू. उसवल्या, तर आत काहीच नाही. ओव्हरलॉकची नखभर कड आणि लगेच कापड संपलेलं.

"तयार कपड्यात माया नसते रे," आई म्हणाली. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. मूल वाढलं की माया सोडायची.

आईच्या हातचे माझे सगळे कपडे वाढत्या अंगाचे असत. शाळेच्या चड्डीला खाली तीन दुमडी. दर जूनमध्ये एक दुमड उसवायची, आणि उसवली की तिथं न विटलेल्या निळ्या रंगाचा पट्टा दिसायचा. पट्टे मोजले की पोरगा कितवीत आहे ते मास्तरांना कळे. पाचवीत शिवलेला शर्ट मला आठवीत अगदी मापात बसला आणि त्याच आठवड्यात कोपरावर फाटला. बरोबर मापाचा कपडा म्हणजे काय, हे मला लग्नाच्या सुटापर्यंत ठाऊक नव्हतं. तोही पुढे दोन वर्षांत काखेत काचायला लागला, आणि त्यातही माया नव्हती.

महिनाअखेरीस मी हिशेब मांडला. पट्टा, तेल, सुया, इलास्टिक, मॅचिंग सेंटरमधून आणलेली रिळं आणि मशीन दुरुस्त करणाऱ्याची एक भेट, सगळे मिळून 740 रुपये. उत्पादन : नळकांडं एक, बसता न येणारी विजार एक, टी-शर्ट एक. तशीच विजार स्टेशनबाहेर 120 रुपयांना मिळते आणि तिला आसन असतं. बायकोनं कागद वाचला आणि एवढंच म्हणाली, "गाळणी बरी होती."

नळकांडं मग आईनं उसवलं आणि खाली दुप्पट कापडाची झालर घेतली. पणजीच्या लुगड्याचा एक तुकडा उरला होता, तोच वापरला. आत दोन बोटं माया ठेवली. कामाला एक दुपार लागली. मुलगी तो फ्रॉक घालून घरभर दुडदुडते आणि रात्री काढू देत नाही.

तुम्हीही असं काही शिवायला बसणार असाल तर एवढंच करा. शिवण्याआधी मूल मोजा आणि शिवून झालं की पुन्हा मोजा. मधल्या काळात ते वाढलेलं असतं.